सावकाश नावाचा शिपाई

तुरुंगात त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. जोडीचे शिपाई म्हणत, साहेब लोक पाठीमागे म्हणत, आणि कैदी तर तोंडावर म्हणत. कुलूप लावलं की तो दोनदा ओढून बघायचा, चार पावलं पुढे जायचा आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढायचा. संध्याकाळच्या मोजणीला बाकीच्या बराकींचे आकडे फाटकावर पोचलेले असत आणि ह्याचं बोट अजून हवेतच असायचं. कुणी घाई केली की म्हणायचा, “सावकाश. माणसं आहेत, वाटाणे नाहीत.”

घरी त्याच्या मागे लागणारं माणूस एकच, त्याची ताई. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई अठराची. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तापात उशाशी बसली. पुढे ती सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढायला लागली आणि तो तुरुंगात शिपाई झाला. लग्न दोघांचंही झालं नाही. तिचं त्याच्यापायी राहिलं, आणि त्याचं का राहिलं ते त्यालाच ठाऊक.

“तू तयार होऊन दारात येईपर्यंत नवरी म्हातारी होईल,” ती म्हणायची.

“बरंच आहे की. दोघं मिळून गोळ्या घेऊ,” तो बुटाची नाडी बांधत म्हणायचा. एका नाडीला त्याला दोन मिनिटं लागत.

ह्या माणसानं एकोणीस वर्षं नोकरी केली आणि आयुष्यात एकदाच घाई केली.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तुरुंगातून एका कैद्याला स्ट्रेचरवर ताईच्या एक्स-रे खोलीत आणलं. तिशीतला, हाडकुळा माणूस. गळ्याभोवती जांभळा पट्टा उठलेला. बरोबर दोन शिपाई होते आणि त्यातला एक ताईच्या ओळखीचा होता. अकरा वर्षं तो सावकाशचा पाळीतला जोडीदार. घरी येऊन जेवून गेलेला, तिला ताईच म्हणणारा.

“आमचे चिरंजीव कुठं आहेत?” ताईनं विचारलं.

“आहे. आत आहे,” तो म्हणाला आणि भिंतीवरच्या सूचना वाचू लागला.

तिला वाटलं, आत म्हणजे तुरुंगात. तिनं कैद्याची हनुवटी वर केली, मानेखाली उशी सरकवली, “हलू नका, श्वास धरा,” म्हणाली. धरायला त्याच्याकडे श्वास फारसा नव्हताच. फिल्म तयार होऊन आली. गळ्यात घोड्याच्या नालेसारखं एक बारीक हाड असतं, ते मोडलेलं स्वच्छ दिसत होतं. तिनं वहीत वेळ लिहिली, अकरा वीस, आणि खाली सही केली. तेवढ्यात मुख्य परिचारिका दारात आली. तिनं ताईच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“ताई, एप्रन काढा आणि माझ्याबरोबर चला.”

जोडीदार खोटं बोलला नव्हता. सावकाश आतच होता, त्याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, चादरीखाली. डोक्याच्या मागच्या बाजूला तीन घाव. गाडीतच गेला होता. ज्या वेळी ती एका परक्याला श्वास धरायला सांगत होती, त्या वेळी तो शंभर पावलांवर थंड होत पडला होता.

मारणारा चार मिनिटांत पुढच्या फाटकापाशी सापडला. किल्ल्यांचा जुडगा अजून हातात होता. बराकीची फरशी पुसायचं काम असलेला कैदी, आणि हत्यार म्हणजे फडकं पिळायला बादलीवर बसवलेली लोखंडी पिळणी. पुढे खटला झाला, जन्मठेप मिळाली. ती त्याला आधीच होती. त्या माणसाबद्दल ताईला काही वाटलंच नाही, शिव्यासुद्धा सुचल्या नाहीत.

तिला लागला तो कागद. दीड महिन्यानं चौकशीचा अहवाल घरी आला. त्यात तिच्या भावावर दोनच वाक्यं होती. कोठडीतल्या कैद्यानं गळफासाचं सोंग केलं. सदर शिपायानं नियमभंग करून एकट्यानं कोठडी उघडली. तुरुंगाच्या फाटकाशी काळ्या दगडावर, कामावर मारल्या गेलेल्यांची पाच नावं कोरलेली होती. सहावं नाव लागणार नव्हतं, कारण नियम मोडणाऱ्याचं लागत नाही.

ताईनं ते सोंग डोक्यात धरलं. जेवताना सोंग, कपडे वाळत घालताना सोंग. शेवटी तिनं फिल्मची नक्कल काढली, ती मोठ्या पाकिटात घातली आणि अधीक्षकांच्या खोलीबाहेर तीन दिवस बाकावर बसली. तिसऱ्या दिवशी आत बोलावलं.

“हे हाड सोंगानं मोडत नाही, साहेब. माणूस खरंच लटकला तरच मोडतं. तीस वर्षं हेच बघतेय मी.”

साहेबांनी फिल्म खिडकीकडे धरली. माणूस वाईट नव्हता. बराच वेळ बघत राहिले.

“ठीक आहे. सोंग हा शब्द काढायला लावतो. पण बाई, दार एकट्यानं उघडलं, हे तर खरं ना? दुसरा शिपाई येईपर्यंत थांबायचं असतं.”

“दुसरा कुठं होता?”

“दुसरा नेमून दिलेल्या कामावर होता.”

“कोणत्या कामावर?”

साहेबांनी फिल्म परत पाकिटात घातली. “तुमचं दुःख मी समजू शकतो,” ते म्हणाले, आणि ताईला कळलं की आता उठायचं.

दुसरा म्हणजे तोच जोडीदार. आठवड्याभरानं तो स्वतःहून घरी आला. पाण्याचा पेला हातात धरून बसला, प्यायला नाही.

“ताई, मी त्या वेळी सभागृहात खुर्च्या मांडत होतो,” तो म्हणाला. “वरून पाहणीला कुणीतरी येणार होतं. सगळ्या बराकींतून एकेक माणूस उचलला होता. मी म्हटलं, आमच्याकडे दोघं लागतात. म्हणाले, अर्ध्या तासात काय होतंय?”

“हे लिहून दे मला.”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“चार ओळी दे. तू खुर्च्या मांडत होतास, एवढंच. म्हणजे तो एकटा का होता ते तरी कळेल.”

“माझी दोनच वर्षं राहिलीत, ताई. मुलगी लग्नाची आहे.”

“तोही तुझ्या मुलीला खेळवायचा.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “मला झोप लागत नाही, हेही खरं आहे. पण लिहून नाही देणार.”

तिनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि दार उघडून धरलं. तो गेल्यावर तिला वाटलं, हात जोडायला हवे होते. पाया पडायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली आणि तेही केलं. त्याची बायको रडली. तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

मग एकच माणूस उरला. गळ्यातलं हाड मोडलेला तो कैदी.

मुलाखतीच्या खोलीत जाळीच्या पलीकडे तो बसला. आवाज पार फाटला होता, ऐकायला पुढे वाकावं लागे. ती कोण हे त्याला आधीच सांगितलेलं होतं.

“माफी मागायला बोलावलंत का?” त्यानं विचारलं. “मी नाही मागणार. मी त्यांना बोलावलं नव्हतं. मला मरायचं होतं. आज आहे मी, आणि ते नाहीत, ह्यात माझा काय फायदा झाला?”

“मला काय झालं ते सांग. बाकी काही नको.”

त्यानं जाळीवर बोट ठेवलं आणि खालमानेनं सांगितलं. पायाखालची बादली त्यानं ढकलली होती. डोळ्यांपुढे काळं येत होतं. मग धावण्याचा आवाज, कुलपाचा आवाज. कुणीतरी मांड्यांना मिठी मारून त्याला वर उचललं. गळ्याचा ताण सैल झाला.

“एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं गाठ शोधत होते. तेवढ्यात मागून पहिला फटका बसला. मला कळला, त्यांच्या अंगातून माझ्या अंगात आला. मला वाटलं, आता सोडणार. सोडायलाच हवं होतं. वळले असते तर त्याला आवरलं असतं, तो काही पैलवान नव्हता.”

“मग?”

“सोडलं नाही. उलट दोन्ही हातांनी धरलं. दुसरा बसला तरी धरलं. तिसऱ्यानंतर गुडघ्यावर बसले, पण मला खांद्यावर घेऊनच बसले. फास वरच्या गजावरून सुटला तो त्या वजनानं.”

“काही बोलला?”

“धावत येताना, ‘थांब, थांब, आलो,’ म्हणाले. नंतर काही नाही.”

ताईनं जाळीला कपाळ टेकलं. सहा वर्षांच्या पोराला रस्ता ओलांडताना तिनं हजारदा सांगितलं होतं, हात घट्ट धर, सोडू नकोस. आता तिच्या तोंडून निघालं, “सोडायचं होतंस रे. सोडून द्यायचं होतंस.” ते कुणासाठी होतं हे त्या कैद्यालाही कळलं.

त्यानं जबानी द्यायची कबूल केली आणि दिलीही. कार्यालयानं ती घेतली, शिक्का मारला आणि चार महिन्यांनी उत्तर पाठवलं. कैद्याची जबानी ग्राह्य धरता येत नाही. ‘सोंग’ हा शब्द वगळण्यात आला आहे. नियमभंगाचा निष्कर्ष कायम. ताईनं वर अर्ज केला, त्याच्याही वर केला. सगळीकडून तेच वाक्य येत राहिलं, फक्त सह्या वेगळ्या. जोडीदार निवृत्त झाला आणि गाव सोडून गेला. खुर्च्यांचं कुणी कधी लिहिलं नाही.

पण ती दर महिन्याला मुलाखतीला जात राहिली. का जाते, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो तिला आवडत नव्हता. काही वेळा त्याच्या जिवंत गळ्याकडे बघताना तिला भडभडून राग यायचा. फाटकावरचा नवा शिपाई वहीत लिहिता लिहिता विचारायचा, “कैद्याशी नातं?” पहिल्यांदा ती अडखळली. नंतर “लिहा काहीही,” म्हणायला शिकली. पंधरा मिनिटांतली दहा मिनिटं दोघं गप्प बसत. मग ती म्हणायची, “सांग परत,” आणि तो मांड्यांना मारलेल्या मिठीपासून सुरुवात करायचा. तिच्या भावाला शेवटी ज्यानं जवळून पाहिलं असा जगात तो एकटाच होता.

तिसऱ्या वर्षी एकदा तो म्हणाला, “मला लांबच्या तुरुंगात हलवतायत. पुढच्या आठवड्यात.”

“किती लांब?”

“गाडीनं सात तास लागतात म्हणे.”

“पत्र लिहिशील?”

“मला लिहिता येत नाही.”

बाहेरच्या शिपायानं वेळ संपल्याची घंटा दिली. ताई उठली, पर्स खांद्याला लावली.

“तिकडे मुलाखतीचा वार कोणता असतो, ते विचारून ठेव,” ती म्हणाली. “मला रजा टाकावी लागेल.”