गाडी चढवायचा हुकूम

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं त्या दिवसांत भेटेल तो मला ऐकवत होता. मी म्हणायची, शहाणपण पोट भरलेल्यांना परवडतं. आमच्या घरात माग बंद पडला होता. कोष्ट्याचा माग बंद पडला की चूल किती दिवस पेटते, हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही.

माझा नवरा कोशाचं कापड विणायचा. वैनगंगेपलीकडच्या जंगलातून तो रेशमाचे कोसे आणायचा, मी ते उकळून मांडीवर सूत काढायची, आणि मग दिवसभर त्याच्या मागाची खटखट घरात चालायची. त्या वर्षी पावसाळा सरता सरता कोसे घेऊन परतताना भर नदीत डोंग्यावर अपघात झाला आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. एकट्या अंगठ्यानं धोटा धरता येत नाही. मी मागावर बसून पाहिलं, पण माझ्या हातून निघालेलं कापड गोणपाटाच्याही लायकीचं नव्हतं. रागानं मीच ते कापून टाकलं.

नदी ओलांडायच्या घाटाचा ठेका एका लाकूड-ठेकेदाराकडे होता. तो स्वतः कधी फिरकायचा नाही, काठावर त्याचा मुनीम बसायचा. डोंगा चालवायचा तो आमच्याच गावचा ढिवर. दोन डोंगे दोरानं शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की बैलगाडीसुद्धा पार व्हायची. त्या दिवशी नदी अजून भरलेली होती. माणसं चढून बसली होती, आणि मुनीमानं वर सागाच्या लाकडांनी भरलेली ठेकेदाराची गाडीही चढवायला लावली. ढिवर म्हणाला, “दुसऱ्या खेपीले नेतो ना मुनीमजी, दोर झेपनार नाई.” मुनीमानं त्याला आईवरून शिव्या दिल्या. मधल्या धारेत दोर तुटला, डोंगे फाकले आणि पुन्हा एकमेकांवर आदळले. माझ्या नवऱ्याचा हात मधे होता. ढिवरानं हातातला बांबू टाकून उडी घेतली आणि त्याला ओढत काठावर आणलं. तो नसता तर मला हाताचं दुःख करायलाही नवरा उरला नसता.

नवरा चांद्याच्या दवाखान्यातून घरी आल्यावर मी मुनीमाकडे गेले. तो पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, “डोंगा ढिवराचा, ढिवर तुमच्या गावाचा. दरसाल धान त्याले तुमी देता. आमाले काऊन विचारता बाई?”

धान आम्ही देत होतो हे खरंच होतं. सुगी झाली की घरटी धान द्यायचं आणि वर्षभर डोंग्यावरून जायचं-यायचं, ही बापजाद्यांपासूनची रीत. घाटावर ठेकेदार आला तरी ती रीत चालूच राहिली. ढिवर वर्षभर राबायचा ठेकेदारासाठी आणि खायचा आमचं. अंगाची लाही लाही झाली माझी.

वकील गाठायचा तर चांद्याला जायचं, आणि चांद्याला जायचं तर तीच नदी ओलांडायची. डोंगा तोच आणि ढिवरही तोच. पाणी उतरलं होतं. माझा नवरा पांढरी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून बसला. ढिवर त्याच्या हाताकडे बघत नव्हता. पलीकडे उतरताना मात्र म्हणाला, “भाऊ, काई लागलं त मले सांगा. मी येईन, कुठीबी येईन.”

आमच्याकडे कुणाचंही कोर्टाचं काम निघालं की मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, वकिलाकडे जायचं. मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती, पण ती सवय गेली नव्हती. आम्हीही तिकडेच गेलो. म्हातारा भारदस्त माणूस. बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ठेकेदाराशी भांडू नका. पुरे पडणार नाही तुम्ही. दावा ढिवरावर लावा. दारू पिऊन डोंगा चालवत होता म्हणा. ठेकेदाराचं नाव मधे आलं नाही, तर तो दयेपोटी काहीतरी देईल. ते मी बघतो.”

“तो पेला नोयता,” माझा नवरा म्हणाला.

“पेला होता असं म्हणायचं आहे.”

नवरा उठलाच. मी त्याच्या मागे धावत बाहेर आले आणि भर रस्त्यात भांडले. म्हटलं, घरात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे ना? तुमच्या खऱ्याची भाकर करून खायची का? तो म्हातारा निदान काहीतरी पदरात पाडून देत होता. लोक जाता-येता थांबून बघत होते, पण मला लाज नव्हती. लाज वाटायलाही अंगात थोडं बळ लागतं.

तो कडुनिंबाखाली बसला आणि एवढंच म्हणाला, “त्यानं मले काढलं पान्यातून. मी त्याले ढकलू का?”

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नाही, हे मलाही कळत होतं. पण संन्याशाला वाचवायला माझाच संसार का, हे मात्र कळत नव्हतं. मी तिथंच पदरात तोंड घालून रडले.

दुसरा वकील कोर्टाच्या आवारात एका चहावाल्यानं दाखवला. तरुण होता, कोटाची बाही उसवलेली. मालगुजारांच्या वकिलाकडून उठून आलेली माणसं म्हणून आधी त्याला आमचीच शंका आली. मग त्यानं खोदून खोदून विचारलं आणि म्हणाला, “दावा ठेकेदारावरच लावू. पण तुमच्या धानानं घोटाळा केला आहे. तो म्हणणार, ढिवर माझा माणूसच नाही. तेव्हा सगळं एका गोष्टीवर आहे. गाडी चढवायचा हुकूम कुणाचा होता? तुम्ही सांगून भागणार नाही; ते ढिवरानं स्वतः कोर्टात सांगितलं, तर मी लढतो. नाही सांगितलं, तर आत्ताच घरी जा.”

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला तो वकील मुळीच आवडला नव्हता. उसवलेल्या कोटाचा माणूस ठेकेदाराशी काय लढणार! पण ज्याच्याकडे खोटं बोलावं लागत नव्हतं असा तो एकटाच होता. मी गळ्यातली पोत काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

कोर्टात उभं राहायला उन्हाळा उजाडला. तोवर आम्ही कसे जगलो ते लिहीत नाही. मोहफुलांवर माणूस किती दिवस काढू शकतो, ते त्या वर्षी कळलं. वकिलानं ढिवराला आधी दोनदा बोलावून समजावलं होतं. “गाडी कुणी चढवायला लावली असं विचारीन. मुनीमजींनी, असं सांगायचं. घाबरायचं नाही.” ढिवर दोन्ही वेळा मान हलवून “हो जी” म्हणाला होता.

साक्षीच्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून आला. मुनीम पुढच्या बाकावर बसला होता. वकिलानं विचारलं, “गाडी चढवायचा हुकूम कुणाचा होता?”

ढिवरानं खांद्यावरचा शेला काढला, दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, डोंग्यावर मालक मी. माह्याशिवाय तिथी कोनाचा हुकूम नाई. चूक माही आहे.”

वकिलानं पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. “मुनीमजींनी काही सांगितलं होतं का?” ढिवर एकदा मुनीमाकडे बघायचा, थांबायचा, आणि पुन्हा तेच म्हणायचा, “माही चूक.” ठेकेदाराचा वकील तर उठलाच नाही. आम्हाला काही विचारायचं नाही म्हणाला.

आमच्याकडच्या जातपंचायतीत असंच असतं. तिथं दुसऱ्याकडे बोट दाखवणारा आधी खोटा ठरतो. आपली चूक आपण पदरात घ्यायची, शेला पंचांपुढे ठेवायचा. मग ज्याचा ज्याचा त्यात हात असेल तो आपणहून उठतो, आपला शेला त्या शेजारी ठेवतो, आणि पंच सगळ्यांच्या वाट्याचं ठरवतात. एकानं कबूल केल्यावर दुसरा बसून राहिला, असं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या हिशेबानं ढिवरानं खोटं सांगितलं नव्हतं, की तो घाबरलाही नव्हता. त्यानं त्याचं काम पुरं केलं होतं.

आम्ही बाहेर आलो. दावा गेला होता, हे वकिलाचा चेहरा बघून मला कळलं. माझ्या नवऱ्यालाही कळलं. मी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिले. मला ढिवराला ओरबाडावंसं वाटत होतं.

तो शेला हातात घेऊन आमच्या मागोमाग आला. सारखा वळून कोर्टाच्या दाराकडे बघत होता. दारातून मुनीम बाहेर पडला, चपला पायात सरकवल्या आणि कुणाशी तरी हसत निघून गेला.

“भाऊ,” ढिवर माझ्या नवऱ्याला म्हणाला, “मी त कबूल केलं. मुनीमजी काऊन नाई उठले?”

माझ्या नवऱ्यानं उरलेला अंगठा त्याच्या दंडाला लावला आणि म्हणाला, “उठतीन भाऊ. उठतीन.”