सुलभाताईंची बुरशी

नसीमचा फोन आला तेव्हा मी स्वारगेटला बससाठी उभी होते. "बाई गेल्या..." एवढंच ती म्हणाली. गोंगाटात मला ऐकू आलं नसेल असं समजून तिने ते पुन्हा सांगितलं. मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

सुलभाताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्याच विभागाची प्रयोगशाळा सांभाळायची. बुरशी हा त्यांचा विषय. लोणच्यावर बुरशी आली म्हणून कुणी नाक मुरडलं की त्या म्हणत, "अहो, ती नसती तर आजवर गळलेली सगळी पानं तुमच्या गळ्यापर्यंत साचली असती. आभार माना तिचे." नुसतं शिकवून त्यांचं भागेना. निवृत्त झाल्यावर त्यांनी हडपसरला पत्र्याची शेड घेतली, तिथे राहणाऱ्या नसीमला हाताशी धरलं आणि गव्हाच्या काडावर धिंगरी अळिंबी, म्हणजे मश्रूम, पिकवायला सुरुवात केली. शेतकरी जे काड पेटवून द्यायचे त्यावर अळिंबी यायची, आणि ती काढून झाली की उरलेलं मऊ, काळसर काड खत म्हणून त्याच शेतांत परत जायचं. "यात वाया काय गेलं, दाखव मला," असं त्या विचारायच्या.

मग खोकला सुरू झाला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्या थांबायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, अळिंबीतून पिठासारखे बारीक बीजाणू उडतात, ते वर्षानुवर्षं श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसं कडक होत चालली आहेत. शेडमध्ये आता पाऊल टाकायचं नाही. ताईंनी मान डोलावली आणि पंधरवड्यात तोंडाला ओढणी बांधून पुन्हा जायला लागल्या. मला बजावलं, "मीना, निखिलला कळता कामा नये." निखिल त्यांचा मुलगा. महिनाभर मी गप्प राहिले. एका दुपारी शेडमध्ये त्यांचे ओठ निळे पडलेले पाहिले, आणि त्याच संध्याकाळी निखिलला सगळं सांगून टाकलं.

त्यानंतरची दोन वर्षं त्या शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत होत्या. नाकात प्राणवायूची नळी, धूळ नको म्हणून बंद खिडक्या, उतरायला लिफ्ट नाही. मी दर गुरुवारी जायची. पहिल्या गुरुवारी म्हणाल्या, "या जेलरबाई. झडती घेणार का?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. पुढे बोलत राहिल्या, पण हवापाण्याचं. शेडचा विषय माझ्यासमोर निघायचा नाही. एकदाच म्हणाल्या, "तू मला वाचवलंस हे खरं. कशासाठी, ते मात्र तुलाही सांगता येणार नाही." तरीही मला जाणं थांबवता आलं नाही. त्या उठून जाऊ शकत नव्हत्या, मीही नाही.

दिवसकार्य झाल्यावर निखिलने त्यांची पुस्तकं न्यायला बोलावलं. पुस्तकांमागे जाड काळ्या कागदांची चळत निघाली. प्रत्येक कागदावर पांढऱ्या, बारीक रेषांचं पंख्यासारखं एक चित्र. काही पुसट झालेली. मला लगेच कळलं, प्रयोगशाळेत मीच हे मुलांकडून करून घ्यायची. अळिंबीची छत्री कागदावर ठेवून वर वाटी झाकली की काही तासांत बीजाणू गळून तिचा असा ठसा उमटतो. खाली ताईंच्या अक्षरात तारखा होत्या. सगळ्या त्या दोन वर्षांतल्या.

नसीमला विचारलं. ती म्हणाली, "बाई हट्टच धरायच्या. मी जेवणाच्या डब्यातून शेडमधली एकच अळिंबी न्यायची, भाजीखाली लपवून. गुरुवार सोडून."

त्या एकेका छत्रीने त्यांचे किती श्वास कमी केले, कुणास ठाऊक. डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालेलं नाही. त्यातला एक कागद मी घरी आणलाय, टेबलावर उघडाच ठेवलाय. साध्या फुंकरीनेही त्या रेषा विस्कटतात. जवळून बघायला वाकले की मी श्वास रोखून धरते.