नीट ठेवलेलं घर

व्हर्जिनियातल्या एका काउंटीत मी जुन्या घरांची नोंद करते. नागपूरला आर्किटेक्चर शिकले तेव्हा घरं बांधीन असं वाटलं होतं. इथे येऊन लोकांच्या घरांना मार्क देते. घर शंभर वर्षांचं असून भागत नाही. दारं, खिडक्या, फळ्या मूळच्या किती उरल्या, त्यावर ते वारसा यादीत जातं किंवा जात नाही.

त्या उन्हाळ्यात एका डेटा सेंटरसाठी रस्ता रुंद व्हायचा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जुनं घर. जे यादीत येईल ते वाचणार, दुसरं पाडणार. पलीकडच्या घराचा मालक वर्षानुवर्षं फिरकला नव्हता. छपरातून झाड उगवलं होतं. अलीकडच्या घरात ऐंशीच्या पुढच्या एक कृष्णवर्णीय बाई एकट्या राहत होत्या. घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं.

आम्ही रस्त्यावरूनच पाहतो आणि फोटो काढतो. रस्त्यावरून त्यांचं घर अगदी जुनं दिसत होतं. मी 'मूळचं' या रकान्यात खूण करणारच होते, तेवढ्यात त्यांनी हाक मारून मला व्हरांड्यात बसवलं, केक दिला आणि विचारलं, "घर नीट ठेवलंय ना मी?"

"किती छान ठेवलंय," मी म्हटलं. "काय काय केलंत, सांगा ना."

लग्नघरात गोड बोलून चौकशा करणाऱ्या बायका असतात ना, त्यांची जीभ मला मिळाली आहे. बाई खुलल्या. खिडक्या कुजल्या होत्या, तशाच नव्या करून घेतल्या. मी लिहिलं. भिंतीच्या फळ्यांना वाळवी लागली, तर एकूण एक फळी बदलली आणि रंग जुनाच दिला. लिहिलं. व्हरांड्याचे खांब नवऱ्याने स्वतः घडवले, हुबेहूब पहिल्यासारखे. "आणखी काही?" मी विचारलं. त्यांनी आत जाऊन कामाचे फोटोसुद्धा आणले. मी त्या फोटोंचेही फोटो काढले आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या कौतुकाने एकेक गोष्ट सांगत होत्या आणि दर गोष्टीला घराचे मार्क उतरत होते. मला ते कळत होतं. 'मॅम, एवढं पुरे,' असं एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही, कारण अहवाल पक्का होत होता आणि पक्के अहवाल मला आवडतात. समोरच्या घराला कुणी हातच लावला नव्हता, म्हणून त्याचं सगळं मूळचं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी वळला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "यार, तू रूल्स फॉलो केलेस. गिल्टी कशाला फील करतेस?" त्या दिवशी मी पोटभर जेवले, हेही लिहून ठेवते.

यादी ठरवणाऱ्या समितीच्या सुनावणीला बाई चर्चला जायची टोपी घालून आल्या. बोलायची पाळी आली तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या मुलीला विचारा. मी घर कसं सांभाळलंय, ते हिने सगळं लिहून घेतलंय."

अध्यक्षांनी विचारलं, "या सांगतात ते खरं आहे?"

"हो," मी म्हटलं. "सगळं अहवालात आहे."

त्या समाधानाने खाली बसल्या. मतदान दोन मिनिटांत आटपलं. ठरावात घरांचे नुसते आमच्या फायलीतले क्रमांक वाचतात, त्यामुळे कुठलं घर वाचलं आणि कुठलं गेलं, हे त्यांना समजलं नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, यादीतल्या घरांना मिळते ती वारशाची पितळी पाटी दाराच्या कुठल्या बाजूला लावतात? डावीकडे बेल होती, ती हलवावी लागेल का?

"नाही," मी म्हटलं. "उजवीकडे लावतात."