बिब्ब्याचा डाग आणि डॉक्टरबाईंचं ‘कळत नाही’

डॉ. निर्मलाबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती गोंधळातच. आमच्या डिंभे गावच्या देवळाच्या सभामंडपात त्यांनी कातडीच्या तपासणीचं शिबिर भरवलं होतं. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. बचत गटाचा हिशेब मी लिहिते, म्हणून बायकांना गोळा करण्याचं कामही माझ्याकडेच आलं. बाई उभ्या राहून म्हणाल्या, “उन्हात राबणाऱ्या माणसानं आपली कातडी अधूनमधून बघावी. न भरणारी जखम असेल, वाढत जाणारा डाग असेल, तर दुखत नसला तरी दाखवावा. कातडीचाही कॅन्सर असतो.” इथवर मला समजलं. मी लगेच बायकांना हात-तोंड धुऊन बसायला सांगितलं. आणि बाई तर जमिनीवर बसून एकेकीला म्हणू लागल्या, “तळपाय दाखवा.”

ऊन पडतं डोक्यावर आणि या बघतात तळवे! न राहवून मी विचारलंच. त्या म्हणाल्या, “उन्हानं होतो तो बहुतेक तोंडावर, कानावर, ओठावर. तेही बघणार आहे. पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीत एक प्रकार असा आहे, की तो तळव्यावर नाहीतर नखाखाली येतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही.”

“मग तो कशानं होतो?”

“ते अजून कुणालाच नीट माहीत नाही.”

डॉक्टरांच्या तोंडून ‘माहीत नाही’ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगते, धीर येण्याऐवजी मी जास्तच गोंधळले.

तेवढ्यात माझ्या सासूबाईंची पाळी आली. त्या बाईंपेक्षा वयानं मोठ्या. बाई पायाशी वाकल्या तशी सासूबाईंना वाटलं, या पाया पडतायत. त्यांनी बाईंच्या डोक्यावर हात ठेवून तोंडभर आशीर्वाद दिला, “औक्षवंत व्हा बाई!” सगळा सभामंडप हसला. बाई जराही न संकोचता म्हणाल्या, “आशीर्वाद पोचला आजी. आता टाच इकडं वळवा.”

डाव्या टाचेवर अंगठ्याएवढा काळा डाग होता. त्याची कड एकसारखी नव्हती.

“त्यो बिब्ब्याचा डाग हाय,” सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे भातलावणीत पायाला भेगा पडल्या, काटा मोडला, की बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेला लावतात. जागा काळी पडते. घरोघर एक तरी काळी टाच असतेच, त्याकडे कोण बघतं?

बाईंनी विचारलं, “कधी लावला? आणि कोणत्या टाचेला?”

इथं आमचं घर फसलं. मी म्हणाले, लावणीत, उजव्या. जाऊबाई म्हणाल्या, “नाय नाय, डाव्या. पाय मीच धरला व्हता.” सासूबाई म्हणाल्या, “पाय माजा, आन् मलाच आठवंना. लावला आसंल दोन्हींला.”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बिब्ब्याचा डाग वरच्या कातडीबरोबर निघून जायला हवा. लावणी झाली, भात कापूनही झालं. हा का राहिला, मला कळत नाही. कळत नाही म्हणूनच तुकडा काढून तपासायचा. त्यासाठी पुण्याला जावं लागेल.”

घरी आल्यावर खल झाला. न दुखणाऱ्या, न खुपणाऱ्या डागासाठी पुणं? मी काटकसरीनं संसार करणारी, मलाही ते पटत नव्हतं आणि मनातून जातही नव्हतं. आमचे हे म्हणाले, “बाईंनाच कळत न्हाई, तर आपण जाऊन काय करायचं?” दिवस जाऊ लागले. मग एके दुपारी बाई स्वतःच दारात उभ्या. त्या राहतात त्या घोडेगावहून एसटी वेळेवर येत नाही हे ठाऊक असूनही आल्या होत्या. यांना म्हणाल्या, “भाऊ, बिब्बाच आहे अशी खात्री असती, तर मी आलेच नसते.”

आतून सासूबाई ओरडल्या, “आल्याच हायसा तर च्या घ्या. आन् मी जाते पुण्याला. ह्यांचं बोलणं ऐकून लई कटाळा आला.”

बाई नुसती चिठ्ठी देऊन थांबल्या नाहीत, पुण्याला आमच्याबरोबर आल्या. तिथल्या डॉक्टरांचं बोलणं आम्हाला सोप्या शब्दांत परत सांगत होत्या. तुकडा काढताना सासूबाईंचा हात त्यांनी धरला होता.

निकाल येईपर्यंत मी रोज देवापुढे दिवा लावून एकच मागितलं, ‘देवा, बिब्बाच असू दे.’

बिब्बा नव्हता.

कॅन्सर होता, पण खोल गेला नव्हता. टाचेचा तेवढा भाग काढला आणि मांडीची कातडी तिथं बसवली. सासूबाई आता येईल त्याला सांगतात, “मी मांडीवर चालते!” दर थोड्या महिन्यांनी बाई त्यांचे पाय तपासतात आणि जांघेत गाठ आली नाही ना, तेही चाचपून बघतात. अजून तरी सगळं ठीक आहे.

मी एकदा बाईंना विचारलं, “मी एवढं मागितलं. देवानं ऐकलं म्हणायचं, की नाही?” त्या म्हणाल्या, “त्यातलं मला कळत नाही. पण अजून वर्षभर आपण बिब्बा बिब्बा म्हणत बसलो असतो, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं, एवढं नक्की.” त्यांचं हे उत्तर मी अजून मनात घोळवते आहे. पुरतं उलगडलेलं नाही. कळतं ते कळतं म्हणायचं आणि नाही ते नाही म्हणायचं, आणि नाही म्हटल्यावर घरी न बसता एसटी धरायची, हा त्यांचा स्वभाव मात्र मला उमगला.

आमच्या बायका आता दुपारी ओट्यावर बसल्या की एकमेकींचे तळवे बघतात. “बाई गं, तुजा डाग कवाचा?” असं विचारतात. बिब्बा शक्यतो लावूच नका, कातडी भाजते, हे बाईंनी सांगितलंय. सगळ्या ऐकतात असं नाही.

बाईंना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं, म्हणून त्यांचा सत्कार ठरला आहे. त्यांच्यासाठी देवाकडे काय मागावं, यात मी परत अडकले आहे. नेमकं मागण्यात माझी एकदा फसगत झाली, म्हणून या वेळी मोघमच मागते. बाईंना खूप आयुष्य मिळो, त्यांचे हातपाय धड राहोत, आणि त्यांना काही दुखलंखुपलं तर वेळेवर बघणारं कुणीतरी त्यांच्याजवळ असो. सत्काराला सासूबाई येणार आहेत. एसटीच्या फाट्यापर्यंत जीप करू म्हटलं, तर ऐकत नाहीत. एसटीपर्यंत चालतच येणार म्हणतात.