माझ्या वाट्याला किरणं आली

मला काहीच होत नव्हतं. खोकला नव्हता, ताप नव्हता, जेवण नेहमीसारखं जात होतं. त्या दिवशीही सकाळची घाटंजी-पांढरकवडा गाडी मी वेळेवर नेऊन आणली होती. एसटीत ड्रायव्हर लोकांची अधूनमधून तब्येतीची तपासणी होते, म्हणून दुपारी तिकडे गेलो. छातीचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, खाली ठेवला आणि पुन्हा उचलून धरला.

"बिडी-सिगारेट किती?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही."

त्यांचा विश्वास बसला नसावा. आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात बिडी न ओढणारा माणूस शोधावा लागतो हे खरं, पण मला त्या वासानेच मळमळतं. मी दारूही पीत नाही. आणि माझ्याच उजव्या फुप्फुसात बोराएवढा पांढरा डाग होता.

नागपूरला गेलो. तिथे सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी बायको बरोबर होती. डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "कॅन्सर आहे. पण अगदी सुरुवातीचा आहे. कुठे पसरलेला नाही."

मी विचारलं, "मग उद्या ड्युटीवर जाऊ ना?"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भर सभेत काही वेडंवाकडं बोललो. मला खरोखर दुसरं काही सुचलं नव्हतं. उद्या पहाटेची गाडी माझ्या नावावर होती, एवढंच डोक्यात होतं.

बाईंनी मग समजावून सांगितलं. अशा गाठीवर दोन उपाय होते. एक म्हणजे ऑपरेशन करून फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकायचा. दुसरा म्हणजे फक्त गाठीवर नेम धरून जोराची किरणं सोडायची, आजूबाजूचं शक्यतो वाचवायचं. त्यांच्याकडे याच दोन उपायांची तुलना करणारा अभ्यास सुरू होता. त्यात यायचं असेल तर कोणता उपाय मिळणार हे मी ठरवायचं नव्हतं आणि त्यांनीही नाही. कॉम्प्युटर चिठ्ठी काढणार होता.

"पण दोन्हीत चांगलं कोणतं?" मी विचारलं.

"तेच आम्हाला नक्की माहीत नाही," बाई म्हणाल्या. "माहीत असतं तर हा अभ्यास केलाच नसता."

कॅन्सर शब्दानेही बसला नव्हता एवढा धक्का मला त्या वाक्याने बसला. एवढा मोठा दवाखाना, भिंतीवर एवढ्या पदव्या, आणि डॉक्टर म्हणते माहीत नाही.

डेपोत परतल्यावर माझ्या नेहमीच्या कंडक्टरला सांगितलं. तो चहाचा कप हातात तसाच धरून बसला. मग म्हणाला, "ते तुयावर प्रयोग करून राह्यले. तू कायले हो म्हणतं? सरळ म्हण, कापा अन् फेका."

मलाही तेच पाहिजे होतं. नासलेली वस्तू काढून फेकली की डोळ्याला दिसते, मनाला पटते. बायकोला तसं म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई खोटं बोलली असती तर तुम्हाला कळलं असतं का? नाही ना? तिला जे माहीत नाही, ते तिने माहीत नाही म्हणून सांगितलं. तिच्याचकडे जाऊ."

मी सही केली.

चिठ्ठीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर ढाणकीचे एक व्यापारी बसले होते. कापूस आणि हळदीचा धंदा, अंगावर पांढरेशुभ्र कपडे. त्यांच्याही फुप्फुसात तसलाच डाग निघालेला. त्यांना ऑपरेशनची भयंकर भीती होती. मला म्हणाले, "भाऊ, मले किरणंच भेटले पाह्यजे. चाकूचं नाव काढलं की माये हातपाय गार पडते."

मी म्हणालो, "मला तर ऑपरेशन पाहिजे."

"मग बदलून घेऊ ना आपसात," ते म्हणाले. दोघंही थोडं हसलो.

त्यांना आधी आत बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. त्यांच्या वाट्याला ऑपरेशन आलं होतं. मग ते म्हणाले, "नाही जमत मले, मॅडम. माफ करा. मी यातून निंगतो."

आता बाई चिडणार, फाईल आपटणार, असं मला वाटलं. मोठ्या दवाखान्यात नाही म्हणणाऱ्याला कसं हाकलतात, ते मी वडिलांच्या आजारपणात पाहिलं होतं. पण बाई म्हणाल्या, "काही हरकत नाही. तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. उपचार थांबणार नाहीत. तुमच्यासाठी काय करता येईल ते अभ्यासाबाहेर बसून बोलू." आवाज अजिबात चढला नव्हता. व्यापारी बाहेर आले तेव्हा रडत होते आणि माझ्याकडे न बघता पुढे गेले. असं नाही म्हणता येतं आणि तरी कुणी हाकलत नाही, ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळत होती.

माझ्या वाट्याला किरणं आली. बाईंनी विचारलं, "तुम्हीही नाही म्हणू शकता. काय करायचं?"

शेजारी बसलेल्या बायकोने होकाराची मान हलवली. मी म्हणालो, "करा."

आधी मोजमाप झालं. बारीक मण्यांनी भरलेल्या एका गादीवर मला हात डोक्यावर घेऊन झोपवलं आणि तिच्यातली हवा खेचून घेतली. गादी माझ्या पाठीच्या आकाराची होऊन दगडासारखी कडक झाली. उठल्यावर पाहिलं तर तिच्यात माझे खांदे आणि पाठ जशीच्या तशी उमटलेली. मग छातीवर आणि कुशीत सुईने शाईचे बारीक ठिपके गोंदले, दर वेळी नेम तिथेच लागावा म्हणून.

घरी अंघोळीला बसलो तेव्हा याडीने, म्हणजे माझ्या आईने, ते पाहिले. तिच्या हातांवर, हनुवटीवर जुनं गोंदण आहे. ती आमच्या गोरबोलीत बोलते, इथे मी ते मराठीत सांगतो. तिने ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"हे कोणी काढलं?"

"दवाखान्यातल्या पोरीने."

"एवढंसंच? ना फूल, ना विंचू." मग तिचा आवाज एकदम उतरला. "आत काय आहे, बेटा?"

तोवर तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती माझ्या पाठीवर पाणी ओतत राहिली, बादली संपेपर्यंत.

मोजक्याच बैठका होत्या, एकाआड एक दिवस. माझ्याच आकाराच्या त्या गादीत मी झोपायचो. सगळे बाहेर जायचे, जाड दार बंद व्हायचं आणि मशीनचा मोठा हात माझ्याभोवती फिरायचा. मी काहीतरी जाणवायची वाट बघायचो. चटका, निदान थोडी ऊब. काहीच नाही. मशीन चालवणारी पोरगी आत येऊन म्हणायची, "झालं काका, उठा." पहिल्यांदा मी उठलोच नाही. तिची गंमत चालली आहे असं वाटलं.

तांड्यात कोणालाच पटेना. ना टाके, ना पट्टी, ना सलाईन. लोक भेटायला यायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे. मलाही पटत नव्हतं. थकवा मात्र आला, दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे.

काही महिन्यांनी स्कॅन काढला. पडद्यावर मी स्वतः पाहिलं. पांढरा डाग आधीपेक्षा मोठा होता, कडा पसरलेल्या. मी म्हणालो, "मॅडम, वाढला."

"तसं दिसतंय खरं," बाई म्हणाल्या. "पण किरणांनी फुप्फुसाला आतून सूज येते, ती अशीच दिसते. गाठ आहे की सूज, आज मी छातीठोक सांगू शकत नाही. पुन्हा बघावं लागेल."

पुन्हा तेच, माहीत नाही. या वेळी मला राग आला. एसटीत बसल्यावर बायकोला म्हणालो, "कापलं असतं तर हा प्रश्नच उरला नसता." ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "कापल्यावरही बघावंच लागलं असतं."

पुढच्या स्कॅनपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच सांगता येत नाही. बाजाराच्या दिवशी घाटंजीत कोणी तब्येत विचारली तर गाडीची वेळ झाली म्हणून मी पुढे निघायचो.

पुढच्या वेळी डाग आकसला होता. त्या जागी एक बारीक पांढरी रेघ राहिली होती, भरलेल्या जखमेच्या वणासारखी. बाई म्हणाल्या की गाठ जिवंत असल्याची खूण नाही, पण यायचं थांबवू नका. मी हो म्हणालो आणि खुर्चीतच बसून राहिलो. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच कळत होतं, की माझ्या छातीत एक गोष्ट मला न कळता आली आणि मला न कळताच गेली.

आता मी पुन्हा गाडी चालवतो. अभ्यास अजून सुरूच आहे. कोणता उपाय चांगला हे अजून ठरायचं आहे, असं बाई सांगतात. तांड्यातलं कोणी विचारलं तर मीही तेच सांगतो. त्यांना ते आवडत नाही.