दुदुर्लीचा मध

पुण्याहून कर्जतला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत भिंग, टीपकागद आणि मलमलीचा तुकडा होता, आणि कॉलेजातली नोकरी होती ती तात्पुरती. शिरदोडीच्या फुलात मध नक्की कुठे तयार होतो, यावरून माझं आमच्या मुख्य प्राध्यापकांशी बिनसलं होतं. ते म्हणत, फुलाच्या तळाशी जे मांसल कडं असतं, तिथे. मी चारचौघांत बोलून बसलो, की कड्यात मध नुसता साठतो, झरतो तो मधल्या खांबातून. "सिद्ध करा," ते म्हणाले, "नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघा." घरी बायको दिवसांत होती. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते माझ्याच जिभेवरून म्हणत असावेत.

शिरदोडी ही रुईच्या कुळातली वेल. या कुळात स्त्रीकेसर आणि पुंकेसर एकमेकांना चिकटून फुलाच्या मधोमध एक ठेंगणा खांब होतो. खांबाला उभ्या फटी असतात. मधासाठी आलेल्या माशीचा पाय फटीत अडकतो, आणि तो ओढून काढला की त्याला परागाच्या दोन पिवळ्या पिशव्या लटकलेल्या असतात. पाय सुटला नाही तर माशी तिथेच मरते. त्या महिन्यात मला त्या माशीबद्दल फार वाटायचं.

कर्जतहून रेल्वेने खोपोली आणि तिथून बैलगाडी. दोन्हीकडे भात पोटरीला आलं होतं. गाडीवाले हसनमियाँ माझ्या येण्याचं कारण ऐकून बैल हाकत म्हणाले, "पुण्यात भाजी नाय मिळत का, मास्तर?"

खालापूरच्या वरच्या अंगाला ठाकरांच्या वाडीत बुधी नावाची बाई दारात सूप घेऊन बसली होती. मी फुलाचं चित्र दाखवलं. "ही तं दुदुर्ली," तिने शिरदोडीचं तिथलं नाव सांगितलं. "भाजी करतो आमी." उद्या सकाळी टोपलीभर ताजी फुलं हवीत, असं सांगून मी खालापूरच्या धर्मशाळेत जाऊन झोपलो.

सकाळी टोपली तयार होती. फुलं धुतलेली, टवटवीत, आणि एकूण एक फुलाचा मधला खांब उपटलेला.

"हे काय केलंस, बाई?"

"मधला गोटा काढला. चीक असतो त्याला. पाव्हन्याला साफ न करता भाजी देऊ व्हय?"

पहाटेपासून तिने आणि तिच्या सासूने खपून माझा पुरावा उकिरड्यावर टाकला होता. आसपासच्या वेलीही रिकाम्या केल्या होत्या. मी दगडावर बसलो. रडू येत होतं, ते भिंग पुसण्यात घालवलं.

"खायची नव्हती तुमाला?" बुधीने विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं, नोकरीसकट.

"मंग आदी इचारायचं ना, दादा. लानपनी आमी चोखायचो ती. नुसती चोखली तं दुपारला परत गोड येतंय. गोटा उपटला का येत नाय."

मी उठलोच. कुंपणात उंचावर सहा फुलं उरली होती, तीही तिनेच दाखवली. टीपकागदाने साऱ्यांचा मध टिपून घेतला, तीन फुलांचे खांब काढले, सगळ्यांवर मलमल बांधली आणि समोर बसून राहिलो. मधल्या वेळात बुधीने टोपलीतल्या फुलांची भाजी आणि नाचणीची भाकरी आणून दिली. भाजी चांगली होती, मीठ थोडं जास्त.

दुपारी मलमल सोडली. खांब असलेली तिन्ही फुलं ओली, उरलेली तिन्ही कोरडी. मला इतका आनंद झाला की मी फुलं पुन्हा पुन्हा टिपून पाहिली.

"सांगितलं तं व्हतं," बुधी म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

परतीच्या गाडीत टिपण लिहिलं. शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं, की ही गोष्ट प्रथम खालापूरच्या ठाकरवाडीतल्या बुधीने सांगितली. पुण्याला प्राध्यापकांनी टिपण दोनदा वाचलं, कॉलेजच्या बागेत नुकत्याच फुललेल्या वेलीवर ताडून पाहिलं, आणि चष्मा वर सारून विचारलं, "ही बुधी कोण?"

माझ्या नोकरीचा कागद त्यांच्यासमोर सहीवाचून पडला होता.

"टोपली आणून देणारी बाई," मी म्हणालो.

त्यांनी नावावर रेघ मारली आणि कागदावर सही केली. आता दर भादव्यात मी मुलांना ते फूल उकलून दाखवतो. हे कोणी शोधलं, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, मी. पहिल्या वर्षी फार लाज वाटली होती. यंदा वाटली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.