बायोडाट्यातले तीन छंद

चौतिसाव्या वर्षापर्यंत माझं लग्न जमलं नव्हतं आणि त्यात माझ्या एकट्याचाच दोष होता असं मला वाटत नाही. लातुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे. मुलींना नोकरीवाला हवा होता, पुण्यात फ्लॅट हवा होता. गल्ल्यावर बसणारा कुणालाच नको होता. तेरा घरचे पोहे खाऊन झाले होते. कुणाकडचे शेंगदाणे खवट होते हेसुद्धा मला पाठ झालं होतं. कंधारच्या पुढच्या एका गावातून चौदावं स्थळ आलं, तेव्हा मी आईला सांगून टाकलं, हे शेवटचं. यानंतर मला इस्त्रीचा शर्ट घालून कुठं बसायला सांगायचं नाही.

पण खरं सांगायचं तर हे स्थळ जमावं असं मला फार वाटत होतं. मुलगी शाळेत चित्रकला शिकवायची. फोटोत ती कॅमेऱ्याकडं न बघता भलतीकडंच कुठंतरी बघत होती. तिथं काय असेल, याचा मी गल्ल्यावर बसून तीन दिवस विचार केला.

अडचण बायोडाट्यात होती. तो मामांनी टायपिंगच्या दुकानातून करून आणला होता. त्या दुकानदाराकडं एक तयार फाईल असते. आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव, उंची, शिक्षण काढायचं आणि नव्याचं घालायचं. माझ्या वेळी तो छंदाचा रकाना बदलायला विसरला. त्यामुळं माझ्या नावाखाली छापलं गेलं : निसर्गभ्रमंती, चित्र-शिल्पकला, पोहणे. मी ते वाचेपर्यंत मामांनी कागद समाजाच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर टाकून दिला होता.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "छंद कोण तपासतंय? लोक सातबारा तपासतेत."

या लोकांनी छंद तपासायचं ठरवलं. मुलीच्या वडिलांचा फोन आला. "पोरगी म्हणती, पोह्याचा कार्यक्रम नको. पाव्हण्यांला फिरायची, शिल्पांची अन् पोहायची आवड हाय म्हणून लिवलंय. आमच्या माळावर तिन्ही हाय. रविवारी या." फोन स्पीकरवर होता. मामांनी माझ्याकडं न बघता नुसतं "हाव, हाव" म्हटलं.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता. भाड्याच्या जीपमधून आम्ही तिघं उतरलो, तेव्हा मी काळे चकचकीत बूट घातले होते, मामा पांढऱ्या धोतरात होते आणि आईनं ठेवणीतली इरकल नेसली होती. समोर मुलगी, तिचे वडील आणि आत्या. तिघांच्याही पायात रबरी चपला. आत्याबाईंनी माझे बूट बघितले, मग माळ बघितला. त्या दिवसभर फारसं बोलल्याच नाहीत, पण त्यांचं गप्प बसणं मला बरोबर ऐकू येत होतं.

माळ म्हणजे चार किलोमीटर नुसतं वाळलेलं गवत. मधे मधे तरवडाची पिवळी फुलं, बोराटी आणि काळे दगड. गवत कुसळीचं होतं. पाचव्या मिनिटाला माझ्या पँटीत कुसळं शिरली, दहाव्या मिनिटाला मोज्यात, आणि मामांचं धोतर तर गुडघ्यापर्यंत वेगळ्याच कापडाचं दिसायला लागलं. मामा दर दहा पावलांवर वाकून कुसळं उपटायचे आणि कुणी बघितलं की निसर्गाचं कौतुक करायचे.

आई मात्र मजेत चालत होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मला बघायला आले तवा दारापसून चुलीपस्तोर चालून दाखवाय लावलं होतं. लंगडी हाय का म्हणून. तुला चार किलोमीटर. बरं झालं." तिच्या बोलण्यात जरा समाधान होतं, आणि त्या तेरा घरच्या मुली आठवून मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. पोह्यांच्या बशा घेऊन त्या बाहेर आल्या होत्या आणि मी शेंगदाणे तपासत बसलो होतो.

मग शिल्पं सुरू झाली. सुट्टीत शाळेतल्या मुलांना घेऊन तिनं माळावर ही जनावरं उभी केली होती. नांगराच्या मोडक्या फाळांचा मोर, सायकलच्या रिमांचं हरिण, फवारणीच्या फुटक्या पंपांचा एक लठ्ठ बैल. बैल तर इतका आमच्या शेजारच्या दुकानदारासारखा दिसत होता की मला हसू आवरेना. पण शिल्पकलेच्या छंदवाल्यानं हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी खोकलो.

"काय वाटलं?" तिनं विचारलं. तिनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी गंभीरपणे इकडं तिकडं बघितलं. थोड्या अंतरावर एक पांढरा दगड उभा होता, वर लाल खूण केलेला. मी त्याच्यापाशी गेलो, हात मागं बांधले आणि म्हणालो, "मला हे सगळ्यात आवडलं. किती कमी गोष्टींत किती सांगितलंय."

"तो गटाचा दगड हाय," तिचे वडील म्हणाले. "मोजणीवाल्यांनी रोवलाय."

मामा घाईघाईनं पुढं झाले. "रोवलाय पण झकास," म्हणाले.

माळ उतरल्यावर गावाचा पाझर तलाव होता. स्वच्छ, हिरवट आणि माझ्या दृष्टीनं फार मोठा. ती पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधून सरळ पाण्यात शिरली आणि बघता बघता मधोमध जाऊन पोचली. काठावर आम्ही पाच जण उरलो. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"उतरा की," वडील म्हणाले.

"आमचं पोरगं म्हंजे मासा हाय, मासा," मामा म्हणाले.

मी शर्ट काढला. आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग आम्ही अंगावरून उतरवत नाही. तिच्या वडिलांनी माझ्या इष्टलिंगाच्या दोऱ्याची गाठ स्वतः ओढून पाहिली आणि आणखी एक गाठ मारली. "हे पाण्यात जाऊ नाही," ते म्हणाले. "तुमचं काय, तुम्हाला काढता येईल."

ते गमतीनं म्हणाले असतील. मी पाण्यात पाय टाकला. पाणी घोट्यापर्यंत होतं, तेवढ्यात मला कळलं की आता एक तर बुडायचं नाहीतर बोलायचं. लग्नापायी बुडायची माझी तयारी नव्हती.

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो. "शिल्पातलंही काही कळत नाही. आणि इतकं चालायची सवय नाही, टाचेला फोड आलाय. ते छंद दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत." मग टायपिंगच्या दुकानाची सगळी हकीकत सांगून टाकली. सांगताना मला वाटलं, संपलं चौदावं.

"ल्हानपणी यायचं त्याला," मामा म्हणाले. "इसरला."

"पोहनं इसरतेत व्हय?" आत्याबाई म्हणाल्या.

ती पोहत काठाशी आली. तिनं सगळं ऐकलं होतं. बाजूच्या बाभळीला तेलाचे दोन रिकामे कॅन टांगलेले होते; गावातल्या मुलींना पोहायला शिकवताना ती ते त्यांच्या पाठीला बांधायची. तिनं ते काढले आणि माझ्या पाठीला बांधले. दोरी पुरेना, तेव्हा वडिलांनी टॉवेल दिला. असा मी, वय चौतीस, दोन्हीकडच्या मंडळींसमोर, दोन कॅनांसकट पाण्यात आडवा झालो. तिनं माझ्या हनुवटीखाली हात धरला.

"पाय मारा," ती म्हणाली. मी मारले. काठापासून थोडं लांब गेल्यावर ती खालच्या आवाजात बोलायला लागली. "तुमच्या आधी दोघं आलते. एक जण अर्ध्या माळावरनं माघारी गेला. दुसऱ्याला लई छान पोहता येत होतं. वर आल्यावर म्हणाला, लग्नानंतर हे पोहनं बंद करावं लागंल, आमच्याकडं चालत न्हाई." तिनं माझी हनुवटी जरा वर उचलली. "तुमचं काय म्हननं हाय?"

माझं सगळं लक्ष तिच्या हातावर होतं.

"तुम्ही बंद केलं," मी म्हणालो, "तर मला बाहेर कोण काढणार?"

ती हसली. जोरात हसली आणि हसता हसता तिचा हात निसटला. कॅनांनी माझी पाठ वर धरली आणि तोंड पाण्यात घातलं. बरंच पाणी प्यालो. तिनं मला केसाला धरून वर काढलं.

मी पाण्याखाली होतो तेव्हा काठावर आत्याबाई आईला काहीतरी म्हणाल्या. ते आईनं मला परतीच्या वाटेवर जीपमध्ये सांगितलं.

"आमची पोरगी," त्या म्हणाल्या होत्या, "परक्या मानसापुढं कधी हसत न्हाई."